साठीनंतर दोन हातांचा ताळमेळ: घरी तपासणी आणि सराव कोणत्या क्रमाने करायचा

हात पूर्वीसारखे चालत नाहीत अशी तक्रार सुरू झाली की घरात पहिली वस्तू येते ती दाबायचा रबरी चेंडू. टीव्हीसमोर बसून तो आधी उजव्या हाताने, मग डाव्या हाताने दाबला जातो. महिना-दोन महिन्यांत मूठ जराशी घट्ट होते. बटण लावायला मात्र तेवढाच वेळ लागतो, पायजम्याची नाडी बांधली तरी सुटते आणि साडीच्या निऱ्या बोटांतून निसटतात. हे व्हायचंच होतं. बटण, नाडी, निऱ्या ही दोन हातांची कामं आहेत आणि सराव झाला तो एकेका हाताचा.

ठाण्यात नौपाड्यातल्या ज्येष्ठांच्या एका गटाचे हातांचे व्यायाम मी घेते. तिथे चेंडू घेऊन येणारी माणसं संपत नाहीत आणि ‘भराभर करा म्हणजे हात सुटतील’ असं सांगणारी मुलं-सुनाही संपत नाहीत. म्हणून क्रम एकदा नीट लिहून काढते आहे.

वयाने नेमकं काय बदलतं

दोन्ही हातांच्या तर्जनी समोर धरा. दोन्ही एकाच वेळी आत आणि एकाच वेळी बाहेर हलवा. हे सोपं जातं. आता दोन्ही एकाच वेळी डावीकडे, मग दोन्ही उजवीकडे हलवा आणि गती वाढवत न्या. एका गतीनंतर बोटं आपोआप पहिल्या प्रकारावर घसरतात. विशीतल्या नातवाचंही असंच होतं, फक्त त्याची बोटं बऱ्याच जास्त गतीला घसरतात. वय वाढतं तशी ही घसरण कमी गतीलाच होऊ लागते.

दोन्ही हातांनी एकसारखं करायची कामं, म्हणजे टाळ्या वाजवणं, लाटणं फिरवणं, बरीच टिकून राहतात. अवघड होतं ते एकाने एक आणि दुसऱ्याने वेगळं करायचं काम. मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा मज्जातंतूंचा जाड पट्टा वयानुसार झिजतो. शिवाय बोटांच्या टोकांची संवेदना मंदावते आणि कातडी कोरडी, गुळगुळीत होते. मग वस्तू निसटू नये म्हणून माणूस गरजेपेक्षा जास्त दाबून धरतो आणि हात सारखे डोळ्यांनी तपासत राहतो. पूर्वी गप्पा मारता मारता होणाऱ्या कामासाठी आता गप्पा थांबवाव्या लागतात त्या यामुळे.

लहान मुलांत हीच गोष्ट उलट्या दिशेने घडते. साधारण सहाव्या महिन्यात बाळ खुळखुळा एका हातातून दुसऱ्यात घेतं. पण सहा वर्षांचं मूल उजव्या हाताने बारीक काम करताना त्याच्या डाव्या हाताची बोटं उगाच हलताना दिसतात, आणि ते दहाव्या वर्षाच्या आसपास ओसरतं. म्हणून घरातल्या शाळकरी नातवंडाशी आजोबांची शर्यत लावू नका. त्यातून कुणालाच काही कळत नाही.

टप्पा १: सरावाआधी कोणते आजार नाहीत याची खात्री करायची

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो, म्हणून इथे जरा थांबते. ‘वय झालं’ हे निदान कुठल्याही डॉक्टरने केलेलं नसतं, ते आपण घरी बसून करतो. वयाने येणारा फरक हळूहळू, वर्षानुवर्षांत आणि दोन्ही हातांना साधारण सारखाच येतो. याहून वेगळं काही दिसलं तर सराव बाजूला ठेवायचा.

*अचानक आलेला फरक.* सकाळी चहाचा कप धरता येत होता आणि दुपारी एक हात लुळा वाटतोय, बोलणं जड झालंय किंवा तोंड एका बाजूला ओढलं गेलंय, तर तो पक्षाघात समजून चाला. १०८ ला फोन करा आणि माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्या वेळेपासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. घोडबंदर रोडवर राहत असाल तर संध्याकाळची कोंडीही याच साडेचार तासांत मोजायची आहे. ‘जरा पडून बघू, उतरेल’ म्हणत बसू नका.

*एकाच हाताचा मंदपणा, काही महिन्यांत वाढलेला.* अक्षर बारीक होत जाणं, चालताना एकच हात न हलणं, हात मांडीवर निवांत ठेवलेला असताना थरथरणं. हे न्यूरॉलॉजिस्टला दाखवायचं.

*दोन्ही हात बोथट आणि चालही डगमगती.* बटण लागत नाही, चप्पल पायात आहे की नाही कळत नाही, जिना उतरताना तोल जातो. मानेतला मज्जारज्जू दबल्याने असं होऊ शकतं. घरी एक साधी चाचणी करता येते: मूठ पूर्ण उघडायची, पूर्ण मिटायची आणि १० सेकंदांत किती वेळा होतं ते मोजायचं. २० च्या आसपास व्हायला हवं. आकडा बराच खाली असेल आणि चालही बिघडली असेल तर मानेची तपासणी करून घ्या. तोवर मान मोडून घेणं, मालिशवाल्याकडून झटका मारून घेणं पूर्ण बंद.

*रात्री मुंग्या.* अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होऊन झोपमोड होत असेल तर मनगटातली नस दबलेली असण्याची शक्यता मोठी. मधुमेह असेल किंवा बी-१२ कमी असेल तर हातापायांची संवेदना त्यानेही जाते. रक्ततपासणी आधी, सराव नंतर.

> तपासा: नवीन औषध सुरू झाल्यापासून हात थरथरू लागलेत का? तसं असेल तर औषध स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना तारीख सांगा.

टप्पा २: वेळ, जागा, सामान

वेळ नाश्त्यानंतर तासाभराने. सकाळी उठल्या उठल्या सांधे आखडलेले असतात, दुपारी जेवणानंतर डोळे मिटत असतात. पार्किन्सनच्या गोळ्या चालू असतील तर गोळीचा असर चांगला असतानाची वेळ निवडा आणि रोज तीच ठेवा.

खुर्ची पाठ टेकता येईल अशी हवी, पाय जमिनीला पूर्ण लागले पाहिजेत. टेबल कोपराच्या उंचीचं, म्हणजे दोन्ही हात कोपरापासून पुढे त्यावर टेकतील. जेवणाचं टेबल बहुधा चालतं. सोफ्यासमोरची टीपॉय चालत नाही, कारण माणूस वाकतो, खांदे ओढले जातात आणि पाच मिनिटांत मान दुखायला लागते. पाटावर मांडी घालून बसायची सवय असलेल्या आजी ‘मला खालीच बरं’ म्हणतात. बसू द्या, पण पाठीला भिंत हवी. तोल सांभाळण्यात अर्धं लक्ष गेलं तर हातांना उरतं किती?

उजेड खिडकीचा, बाजूने येणारा. जवळचा चष्मा डोळ्यावर, श्रवणयंत्र असेल तर कानात, टीव्ही बंद. घट्ट अंगठ्या आणि हातभर बांगड्या काढून ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे हात सारखे चिकट होतात, म्हणून शेजारी कोरडा नॅपकिन ठेवा.

सामान घरातलंच: पुढे बटणं असलेला जुना शर्ट, हातभर नाडी, फिरकीच्या झाकणाची बरणी, मोठ्या भोकाचे मणी आणि जाड दोरा, वाटीभर काबुली चणे, मटार किंवा वालाच्या शेंगा, कणकेचा गोळा, मोबाईलचं टायमर आणि एक वही. बाजारात मिळणारे महागडे संच आत्ता घेऊ नका.

> सावधान: सुरी, विळी, कात्री, गरम उकड आणि उकळता चहा हे सरावाचं सामान नाही.

टप्पा ३: पहिली नोंद

नोंद न घेता सराव सुरू केला की महिन्याने ‘फरक पडला का?’ या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशीच्या मूडवर ठरतं.

१. काबुली चणे ताटात, समोर वाटी. फक्त उजव्या हाताने एकेक चणा उचलून ३० सेकंदांत किती पडतात ते मोजा. मग फक्त डाव्याने. मग दोन्ही हातांनी: दोघांनी एकाच वेळी एकेक उचलायचा, एकाच वेळी टाकायचा. इथे जोड्या मोजायच्या. जोड्यांचा आकडा एकेका हाताच्या आकड्यापेक्षा कमीच येतो आणि तो तरुणांचाही तसाच येतो. बघायचं ते हे, की एक हात दुसऱ्यासाठी थांबतो का आणि थांबतो तो कुठला.

२. शर्ट अंगातल्या कपड्यांवर घालून वरून खाली सगळी बटणं लावायची. वेळ लिहा.

३. नाडीची सुरगाठ टेबलावर बांधायची. वेळ लिहा. गाठ ओढल्यावर एका झटक्यात सुटते का तेही लिहा.

प्रत्येक गोष्ट आधी एकदा सरावापुरती करू द्या, मोजणी दुसऱ्या वेळेपासून. कुणीही शेजारी उभं राहून ‘चला, चला, पटकन’ म्हणायचं नाही. दोन हातांच्या कामात घाईने सगळ्यात आधी ताळमेळच जातो, आणि मग नोंद हातांची न राहता घाबरण्याची होते.

बटणाच्या वेळी मोबाईलवर फक्त हातांचं चित्रण करा आणि नंतर शांतपणे बघा. आपलं लक्ष नेहमी बटण ढकलणाऱ्या हाताकडे जातं. गडबड मात्र बहुतेक वेळा धरणाऱ्या हाताची असते. बटण काजातून अर्धं बाहेर आलेलं असतं, ते पलीकडून चिमटीत घेईपर्यंत काजाची कड ताणून धरायची असते, आणि नेमक्या त्याच क्षणी धरणारी बोटं सैल पडतात. बटण परत मागे जातं. माणूस वैतागून आणखी जोरात ढकलतो. असं दिसलं तर सराव कशाचा करायचा ते ठरलं: ढकलणाऱ्याचा नाही, धरणाऱ्याचा.

टप्पा ४: सरावाच्या चार पायऱ्या

पायऱ्या याच क्रमाने. एका पायरीवरचं काम ठरलेल्या गतीने दोन मिनिटं न अडखळता, सलग तीन दिवस झालं की पुढची पायरी. आदल्या पायरीचं एखादं काम सुरुवातीला चालू ठेवायचं.

*पहिली: दोन्ही हात एकसारखे.* टाळ्या, दोन्ही तळवे टेबलावर एकदम आपटणं, लाटण्याने कणकेची पोळी लाटणं. मोबाईलवर ठरावीक गतीने ठोके देणारं मेट्रोनोमचं अ‍ॅप मिळतं, मिनिटाला ६० ठोके लावा. भजनी मंडळात टाळ धरणाऱ्यांना ही पायरी दोन-तीन दिवसांत संपते, त्यांना उगाच इथे अडकवू नका.

*दुसरी: आळीपाळीने.* टेबलावर डावा, उजवा, डावा, उजवा. आधी तळव्याने, मग एकेका बोटाने. ठोके ५० वर आणा आणि आठवड्याला चार-पाचच वाढवा. हात एकदम पडू लागले की तीच तुमची आजची मर्यादा. तिथून थोडं खाली या आणि तिथेच घोटा. मर्यादेच्या वर रेटत राहिलं तर सराव चुकीच्या हालचालीचाच होतो.

*तिसरी: एक धरतो, दुसरा करतो.* खरा माल इथे आहे, निम्मा वेळ या पायरीला द्या. शेंगा सोलणं, बरणीचं झाकण उघडणं-लावणं, मणी ओवणं, बटणं, सुरगाठ. पहिल्या आठवड्यात एकच सूचना द्यायची: ‘धरलेलं सोडू नका, दुसऱ्याचं काम होईपर्यंत.’ बटण पलीकडे चिमटीत आलं की मोठ्याने ‘आलं’ म्हणायचं आणि मगच कड सोडायची. हे पोरकट वाटतं, काका लोक लाजतातही, पण उपयोग होतो. मोठ्या बटणापासून सुरुवात करा, कुर्त्याची बारीक बटणं शेवटी. मण्यांसाठी दोऱ्याच्या टोकाला मेण लावून ते कडक करून घ्या, नाहीतर सगळा वेळ दोऱ्याशी झटण्यात जातो.

मधूनमधून हातांची कामं बदला. नेहमी डाव्याने धरत असाल तर दोन मिनिटं उजव्याने धरा. गती कमी होईल, होऊ द्या.

*चौथी: दोघांची कामं वेगळी आणि दोन्ही चालूच.* मोदक वळणं याचं उत्तम उदाहरण. डाव्या तळव्यावर पारी, उजव्याची चिमटी कळ्या पाडते, आणि प्रत्येक कळीनंतर डावा हात पारीला किंचित फिरवतो. वयाबरोबर डाव्याचं हे फिरवणं थांबतं. सगळ्या कळ्या एकाच बाजूला गोळा होतात, मोदक कलतो आणि घरचे म्हणतात, ‘आईंना आता दिसत नाही.’ दिसतं व्यवस्थित, डावा हात थांबलाय. सरावासाठी तांदळाची गरम उकड नको, मळलेली कणीक घ्या. ती चिरत नाही, भाजत नाही आणि पुन्हा गोळा करता येते. क्रम तोंडाने म्हणा: चिमटा, फिरव, चिमटा, फिरव.

ज्यांना पेटी येते त्यांनी पेटी काढावी. डाव्या हाताने संथ भाता आणि उजव्याने चालते सूर, याहून चांगला सराव मला माहीत नाही. येत नसेल तर या निमित्ताने क्लास लावायची घाई नको. मुरलेलं कौशल्य वय फार सावकाश खातं, हे कौपिनेश्वर मंदिराच्या परिसरात गजरे गुंफणाऱ्या म्हाताऱ्या बायांकडे बघून कळतं. नजर गिऱ्हाइकावर, भाव चालू आणि बोटांतून दोरा फिरतोच आहे. म्हणून सराव निवडताना त्या माणसाने आयुष्यभर हाताने काय केलं ते आधी विचारा. शिंप्याला सुई-दोरा, बँकेतल्या माणसाला नोटांची गड्डी मोजणं.

किती वेळ? दिवसाला १५ ते २० मिनिटं, दोन वेळांत विभागून, आठवड्यातून पाच दिवस. एकच काम सलग न करता आलटून पालटून करा: दोन मिनिटं शेंगा, दोन मिनिटं मणी, दोन मिनिटं नाडी, परत शेंगा. असं केल्याने त्या वेळी चुका जास्त होतात, पण शिकलेलं जास्त दिवस टिकतं. कुटुंबाला हे पटवणं कठीण जातं, कारण त्यांना आजच्या आज सफाई बघायची असते.

> तपासा: सरावानंतर अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात दुखणं तासाभरात ओसरलं नाही तर दुसऱ्या दिवशी वेळ निम्मा करा. बोट वाकून अडकत असेल तर सराव थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

टप्पा ५: बोलणं, उभं राहणं, बाजार

टेबलावर शांततेत जमतं आणि बाहेर जमत नाही, ही तक्रार खरी असते. बाहेर एकाच वेळी चार गोष्टी चालू असतात. त्या एकेक करून जोडा. आधी शेंगा सोलता सोलता आज भाजीला काय काय आणायचं ते सांगा. मग तेच काम ओट्याशी उभं राहून करा, कमरेचा आधार ओट्याला. शेवटी खरा बाजार: जांभळी नाक्यावर एका हातात पिशवी, दुसऱ्याने सुटे काढणं आणि मागून धक्के. सुरुवातीला सकाळी लवकर जा, गर्दी व्हायच्या आत. पिशवी हातात न धरता खांद्याला अडकवा.

> सावधान: ठाणे स्टेशनचा पूल, जिने आणि चालती बस ही सरावाची जागा नाही. तिथे एक हात कठड्याला, मोबाईल खिशात.

घरातल्यांसाठी इथेच एक गोष्ट. ‘राहू द्या आई, मी करते’ हे वाक्य प्रेमाचं असलं तरी दिवसातून दहा वेळा म्हटलं की हातांची सगळी कामं काढून घेतली जातात. सकाळी ऑफिसच्या गडबडीत लसूण तुम्ही सोला, कुणाची हरकत नाही. संध्याकाळची कोथिंबीर त्यांच्याकडे ठेवा, अर्धा तास लागला तरी. उलट बाजूनेही सांगते: लग्नाला जायचं असताना बटणांशी झगडायला लावू नका. वेल्क्रोचा शर्ट, शिवलेल्या निऱ्यांची साडी, इलॅस्टिकचा पायजमा हे सगळं वापरायला हरकत नाही, फक्त सरावाची वीस मिनिटं सोडून.

टप्पा ६: पुन्हा नोंद

चार आठवड्यांनी टप्पा ३ जसाच्या तसा करा. तीच खुर्ची, तीच वेळ, तोच शर्ट. मधल्या काळात रोज मोजू नका. एखाद्या रात्री झोप झाली नाही की आकडा पडतो आणि माणूस खचतो.

वाचताना आधी बटण आणि नाडी बघा, चणे नंतर. चण्यांच्या जोड्या एखाद-दोनच वाढल्या पण बटण मागे जाणं थांबलं असेल तर काम झालंय, पुढचे चार आठवडे तसंच चालू ठेवा. सगळंच जागच्या जागी असेल तर पायरी चुकली आहे. बहुतेक जण तिसरी पक्की न करता चौथीवर उडी मारतात. एक पायरी खाली या.

आकडे घसरले असतील, विशेषतः एकाच हाताचे, तर पुन्हा टप्पा १ वाचा आणि डॉक्टरांची वेळ घ्या. दोन हातांच्या रोजच्या कामांसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जायचं असतं. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि परळच्या केईएममध्ये हा विभाग आहे, ठाण्याहून मध्य रेल्वेने जाता येतं. जाताना वही, बटणाचं चित्रण, चालू औषधांची यादी आणि तोच जुना शर्ट सोबत न्या. ‘हात चालत नाहीत’ यावरून त्यांना जे कळणार नाही ते शर्टावरून दोन मिनिटांत कळेल.